कोर्दोबा एका दिवसात, एकट्याने: उन्हाच्या वेळा सांभाळून करायची सहल

स्पेनला पहिल्यांदा जाणारा मराठी प्रवासी बहुधा माद्रिद, बार्सिलोना आणि फार तर सेव्हिल एवढे ठरवून निघतो आणि मधल्या एखाद्या मोकळ्या दिवशी काय करावे, हा प्रश्न त्याला तिथे पोहोचल्यावर पडतो. तो दिवस कोर्दोबाला द्यावा, आणि जमल्यास एकट्याने द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतात ग्वादालकिवीर नदीच्या काठी वसलेले हे शहर दहाव्या शतकात, उमय्यद या मुस्लिम राजघराण्याच्या खलिफांच्या काळात, पश्चिम युरोपातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. आज त्याचा जुना भाग पायी आरामात फिरता येतो, वेगवान रेल्वेचे स्थानक तिथून वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि ज्या एका वास्तूसाठी जग इथे येते त्या मेस्कितेत, म्हणजे पुढे कॅथेड्रल झालेल्या जुन्या मशिदीत, सकाळचा सर्वांत शांत तास गटाविना आलेल्या माणसांसाठी राखलेला आहे.

मात्र इथे दिवस आखायचा तो ऊन पाहून. काय काय पाहायचे याची यादी आधी करून मग ती वेळापत्रकात बसवू पाहणारा माणूस दुपारी तीन वाजता तापलेल्या दगडी गल्लीत उभा राहतो, आणि ज्या वास्तूकडे तो निघालेला असतो तिचे दार बंद झालेले असते. पुढील सर्व सूचना ही गोष्ट लक्षात ठेवून लिहिल्या आहेत.

महिना आणि वार

मार्च ते मेअखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा कोर्दोबाचा उत्तम काळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडणे ही इथे नित्याची बाब असते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी कोर्दोबाच्या विमानतळावर ४६.९ अंश सेल्सिअस, तर याच प्रांतातील ला रांब्ला या गावी ४७.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भारतातून शाळांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, जाणाऱ्यांसाठी हे शहर सोयीचे आहे. फक्त मेच्या पहिल्या पंधरवड्यात पातिओंचा, म्हणजे घरांमधल्या फुलांच्या अंगणांचा, उत्सव असल्यामुळे गर्दी मोठी असते आणि गाडीची तिकिटे फार आधी काढावी लागतात.

वार निवडताना सोमवार आणि रविवार टाळावेत. सोमवारी आल्कासार हा किल्लेवजा राजवाडा, यहुदी प्रार्थनागृह आणि व्हियाना प्रासाद ही तिन्ही ठिकाणे बंद असतात. रविवारी मेस्किता-कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभा असल्यामुळे पर्यटकांना दिवसाच्या मधले काही तास आत जाता येत नाही आणि अन्य ठिकाणे दुपारीच मिटतात. मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस सर्वांत चांगला. शनिवारी माद्रिद आणि सेव्हिलची मंडळीही फिरायला येतात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ पाहून घ्यावी.

घड्याळ आणि सूर्य यांतील अंतर

ही बाब प्रवासी सहसा ध्यानात घेत नाहीत आणि त्यामुळे त्यांचा दिवस बिघडतो. कोर्दोबा ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही स्पेन मध्य युरोपची प्रमाणवेळ पाळतो, आणि उन्हाळी वेळ सुरू असताना घड्याळ आणखी एक तास पुढे जाते. परिणामी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी बाराला नव्हे, सव्वादोनच्या आसपास. आणि दिवसातील सर्वांत कडक उष्णता साधारण पाच ते सहा या वेळात असते. आपल्याकडच्या सवयीने चार वाजता ऊन उतरले असेल असे समजून बाहेर पडणारा माणूस नेमका सर्वांत वाईट वेळी रस्त्यावर येतो.

याचीच दुसरी बाजू फार सुखाची आहे. सकाळी नऊ वाजता सूर्याच्या हिशेबाने जेमतेम पावणेसात झालेले असतात, त्यामुळे उन्हाळ्यातही सकाळी साडेआठ ते साडेअकरा हे तीन तास सुसह्य असतात. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, म्हणून संध्याकाळचे फिरणे निवांत सातनंतर ठेवता येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र साडेआठच्या सुमारास नुकते उजाडत असते, तेव्हा सकाळी अंगात उबदार कपडे हवेत.

गाडी

माद्रिदच्या पुएर्ता दे आतोचा स्थानकातून वेगवान गाडी सुमारे पावणेदोन तासांत, सेव्हिलच्या सांता हुस्ता स्थानकातून पाऊण तासात आणि मालागाहून साधारण तासाभरात कोर्दोबाला पोहोचवते. माद्रिद-सेव्हिल हा स्पेनचा पहिला वेगवान रेल्वेमार्ग १९९२ मध्ये सुरू झाला आणि कोर्दोबा त्याच मार्गावर आहे, त्यामुळे गाड्यांची कमतरता नसते. या मार्गावर एकाहून अधिक कंपन्या गाड्या चालवतात, तेव्हा भाडे एकाच ठिकाणी न पाहता तुलना करून घ्यावे. भाडे विमानाच्या तिकिटाप्रमाणे मागणीनुसार चढते. तीन-चार आठवडे आधी काढलेले तिकीट आणि आदल्या रात्री काढलेले तिकीट यांत दुपटीहून अधिक फरक पडू शकतो.

तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. त्याची झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाचा फोटो वेगळ्या जागी ठेवावा. वेगवान गाड्यांच्या फलाटावर जाण्यापूर्वी सामानाची क्ष-किरण तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फाटक बंद होते, तेव्हा अर्धा तास आधी स्थानकात असावे. आपल्याकडे धावत जाऊन डबा गाठण्याची जी मुभा असते, ती तिथे नाही.

सेव्हिलहून येणाऱ्याने पहाटेची गाडी धरून सव्वाआठपर्यंत कोर्दोबात पोहोचण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे मेस्कितेचा विनामूल्य तास साधता येतो. माद्रिदहून येणाऱ्याला ते सहसा अवघड जाते. त्याने मेस्कितेचे दहा किंवा साडेदहाचे तिकीट आधी काढून ठेवावे आणि त्याप्रमाणे गाडी निवडावी. परतीची गाडी रात्री साडेआठनंतरची घ्यावी, कारण संध्याकाळचे दोन तास हा या शहराचा सर्वांत देखणा वेळ आहे आणि सहा वाजता निघणारा तो गमावतो.

सोबत पाठीवरची एक लहान पिशवी पुरे. तीत पाण्याची बाटली, रुंद कडांची टोपी, सनस्क्रीन, मोबाइलची पॉवर बँक आणि खांदे झाकणारे एखादे सुती उपरणे असावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटली भरत राहावी. पायात नवे बूट घालू नयेत. जुन्या भागात नदीतल्या गोट्यांची फरसबंदी आहे आणि पातळ तळव्याच्या चपला घातलेल्या माणसाचे पाय दुपारपर्यंत दुखू लागतात.

स्थानकापासून जुन्या शहरात

स्थानकातून बाहेर पडल्यावर पासेओ दे ला व्हिक्तोरिया या रुंद, झाडांनी भरलेल्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत जावे. वाटेत उजवी-डावीकडे बागा, कारंजी आणि एक गोल रोमन समाधी लागते. तटबंदी दिसू लागली की पुएर्ता दे आल्मोदोवार हा दरवाजा येतो, त्याच्या बाहेर याच शहरात जन्मलेल्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा पुतळा आहे. मेस्कितेच्या विनामूल्य प्रवेशाची साडेआठची वेळ गाठायची असेल तर मात्र चालण्यात वेळ न घालवता स्थानकाबाहेरून टॅक्सी करावी. अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे आणि एकट्यालाही ती परवडते.

मेस्किता: घाई न करता किमान दोन तास

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात मेस्कितेत विनामूल्य प्रवेश मिळतो. मार्गदर्शकासह आलेल्या गटांना तेव्हा आत सोडत नाहीत आणि शांतता पाळण्याची अपेक्षा असते. साडेनऊ वाजायच्या थोडे आधीच कर्मचारी सर्वांना नम्रपणे बाहेर काढतात. एक तास या वास्तूला पुरत नाही, तरीही हा तास आणि नंतर पुन्हा तिकीट काढून केलेली फेरी असे दोन्ही करावे, असे माझे मत आहे. तिकीट १३ ते १५ युरोंच्या घरात असते. रिकाम्या सभागृहात खांबांची रांग नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेली दिसते. अकरा वाजता त्याच जागी फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

काय पाहायचे हे थोडे समजून गेले तर फरक पडतो. पहिल्या अब्द अल-रहमान या उमय्यद शासकाने आठव्या शतकाच्या अखेरीस, ७८५-८६ च्या सुमारास, मशिदीचे बांधकाम सुरू केले. पुढच्या दोन शतकांत ती तीनदा वाढवली गेली. १२३६ मध्ये कास्तीलचा ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकल्यावर तिचे कॅथेड्रल झाले, आणि १५२३ पासून तिच्या मधोमध उंच छताचे ख्रिस्ती मुख्य दालन उभारले गेले. शहराच्या नगरपरिषदेने त्या बांधकामाला विरोध केला होता, पण सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. १९८४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि १९९४ मध्ये भोवतालच्या जुन्या शहराचाही त्यात समावेश झाला.

संत्र्यांच्या अंगणातून आत शिरल्यावर आपण सर्वांत जुन्या भागात असतो. इथे लगेच पुढे न जाता एका खांबाजवळ थांबावे आणि खालून वर पाहत जावे. हे खांब रोमन आणि व्हिसिगोथिक (म्हणजे अरबांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या जर्मनिक लोकांच्या) इमारतींतून काढून आणलेले आहेत, त्यामुळे त्यांचा दगड, रंग, जाडी आणि उंची सारखी नाही. कुठे खांबाखाली बैठक आहे, कुठे ती नाही, आणि शेजारच्या दोन खांबांवरची शीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्या आखूड खांबांवर एवढे मोठे छत टेकवले असते तर आतला अवकाश घुसमटला असता. कारागिरांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे कमानींचे दोन मजले: खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची मोकळी कमान, जी खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते, आणि तिच्यावर अर्धवर्तुळाकार कमान, जी छताचा भार घेते. दोन्हींत फिकट दगड आणि लाल विटा आळीपाळीने बसवल्या आहेत. असे ८५६ खांब आज उभे आहेत.

तिथून सरळ दक्षिणेकडे, खलिफा दुसऱ्या अल-हकमने दहाव्या शतकाच्या सातव्या दशकात वाढवलेल्या भागात जावे. इथले खांब खास घडवून घेतलेले, आलटून पालटून निळसर आणि गुलाबी छटेच्या संगमरवराचे आहेत. समोर मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, दिसतो. त्याच्या कमानीवरच्या सोनेरी मोझाइकसाठी बायझेंटाइन सम्राटाने कारागीर आणि काचेचे तुकडे पाठवल्याच्या नोंदी अरब इतिहासकारांनी केल्या आहेत. मिहराबापुढे लोखंडी जाळी असते. जाळीला टेकून मान वर करून घुमट पाहावा. एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्यांतून तारा तयार होतो आणि तोच वरचे वजनही पेलतो, त्यामुळे शोभा आणि रचना वेगळी काढता येत नाही.

आता पूर्वेकडे वळावे. खलिफाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या अल-मन्सूर या वजिराने दहाव्या शतकाच्या अखेरीस केलेली ही शेवटची आणि सर्वांत मोठी वाढ. दक्षिणेला नदी असल्याने तिकडे जागा नव्हती, म्हणून त्याने इमारत बाजूला पसरवली आणि त्यामुळे मिहराब मध्यभागी राहिला नाही. इथल्या कमानींकडे नीट पाहिले तर लाल पट्टे विटांचे नसून दगडावर रंगवलेले आहेत, हे ध्यानात येते. बहुतेक गट या कोपऱ्यात येतच नाहीत. दिवसभरात कधीही शांत बसायचे असेल तर ही जागा धरावी.

कॅथेड्रलचे दालन शेवटी पाहावे. कमी उंचीच्या, मंद उजेडाच्या खांबांमधून एकाएकी पांढऱ्या, उंच, प्रकाशाने भरलेल्या जागेत आल्यावर काही जण हरखतात, काहींना चीड येते. मला स्वतःला ते बांधकाम झाले नसते तर बरे झाले असते असे वाटते, पण त्यामुळेच ही वास्तू वापरात राहिली आणि टिकली, हा युक्तिवादही वजनदार आहे. अमेरिकेतून आणलेल्या महोगनी लाकडात पेद्रो दुके कोर्नेहो याने अठराव्या शतकात कोरलेली गायकवृंदाची आसने आवर्जून पाहावीत. हे आजही चालते प्रार्थनास्थळ आहे: पुरुषांनी टोपी काढावी, सर्वांनी खांदे झाकावेत, आवाज खाली ठेवावा.

घंटामनोऱ्याचे तिकीट वेगळे असते आणि ठरावीक अंतराने थोड्याच लोकांना वर सोडतात. खलिफा तिसऱ्या अब्द अल-रहमानचा मिनार या मनोऱ्याच्या पोटात अजून आहे. सकाळची वेळ मिळाली तरच चढावे. भर दुपारी वरच्या सज्जात उभे राहवत नाही.

हुदेरियाच्या गल्ल्या

मेस्कितेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मध्ययुगीन यहुदी वस्ती, हुदेरिया, पसरलेली आहे. गल्ल्या अरुंद असल्यामुळे साडेअकरा-बारापर्यंत एका बाजूला तरी सावली मिळते. मेस्कितेला लागून असलेली काय्येहा दे लास फ्लोरेस ही फुलांच्या कुंड्यांची गल्ली छायाचित्रांमुळे प्रसिद्ध आहे. तिथे पाच मिनिटे पुरतात. खरा वेळ काय्ये हुदिओस या रस्त्याला द्यावा. तिथे १३१५ सालचे यहुदी प्रार्थनागृह आहे. स्पेनमध्ये टिकून राहिलेल्या मोजक्या मध्ययुगीन यहुदी प्रार्थनागृहांपैकी ते एक असून उरलेली दोन प्रमुख तोलेदोत आहेत. जागा एका मध्यम खोलीएवढी आहे, पण भिंतींवरच्या गिलाव्यातील नक्षी आणि तिच्या कडेने फिरणारी हिब्रू अक्षरे पाहायला वेळ लागतो. जवळच्याच छोट्या चौकात, बाराव्या शतकात याच शहरात जन्मलेल्या मायमोनिडीस या यहुदी तत्त्वज्ञ-वैद्याचा पुतळा आहे. तटबंदीच्या बाहेरच्या बाजूला इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाचा पुतळा आहे. तोही इथलाच, जन्म ११२६ चा. पाऊण तासाच्या चालण्यात सेनेका, मायमोनिडीस आणि इब्न रुश्द भेटावेत, असे शहर मला दुसरे माहीत नाही.

गल्ल्यांत वाट चुकते, नकाशावरचा ठिपका भिंतींमुळे भरकटतो. घंटामनोरा दिसला की दिशा सापडते आणि उतारावर चालत राहिले की नदी येते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

आल्कासार

मेस्कितेपासून पाच मिनिटांवरचा हा किल्लेवजा राजवाडा राजा अकराव्या अल्फोन्सोने १३२८ मध्ये बांधायला घेतला. कोलंबसने १४८६ मध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांच्यापुढे आपली योजना मांडली ती इथे, आणि पुढे तीन शतकांहून अधिक काळ इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाच्या आरोपांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या यंत्रणेचे, न्यायालयही इथेच होते. आतली दालने लवकर आटोपावीत. भिंतीवर लावलेली रोमन मोझाइके तेवढी नीट पाहावीत. बागा मात्र निवांत पाहण्याजोग्या आहेत: लांब हौद, सुरूची झाडे, संत्री. उन्हाळ्यात आल्कासार दुपारी तीनच्या आत बंद होतो, म्हणून तो जेवणाआधीच उरकावा.

जेवण

दुपारचे जेवण इथे दीड-दोनला सुरू होते आणि चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी मिळणे कठीण. एकट्या माणसाने टेबल मागण्याऐवजी बारच्या कट्ट्यावर उंच स्टुलावर बसावे. तिथे एकटे जेवणे अगदी स्वाभाविक मानले जाते, पदार्थ समोर दिसतात आणि लहान वाटा मागता येतो. अर्ध्या वाट्यासाठी ‘मेदिया रासिओन’ म्हणावे.

शाकाहारी माणसाची कोर्दोबात उपासमार होत नाही, पण त्याने सावध राहायला हवे. इथला मुख्य पदार्थ साल्मोरेहो: टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र घोटून केलेले घट्ट, थंडगार सार. त्यावर उकडलेले अंडे आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे न विचारता घालतात. ते नको असतील तर ‘सिन हामोन, सिन उएव्हो’ असे मागवतानाच सांगावे. टोमॅटो न घालता बदामाचा केलेला पांढरा प्रकार मासामोर्रा या नावाने मिळतो. बेरेनहेनास कोन मिएल म्हणजे तळलेल्या वांग्यांच्या कापांवर उसाची काकवी. वांगे गरम आणि कुरकुरीत असतानाच खावे. काकवी मुरली की ते मऊ पडते. मेस्कितेच्या मागच्या बाजूला असलेल्या बार सांतोसमध्ये बटाटा आणि अंड्याची वीतभर जाड तोर्तिया कापून देतात. लोक ती बाहेर भिंतीला टेकून उभ्यानेच खातात. मांसाहारी मंडळींनी राबो दे तोरो, म्हणजे बैलाच्या शेपटीचा मंद आचेवर शिजवलेला रस्सा, किंवा फ्लामेंकीन हा डुकराच्या मांसाचा तळलेला रोल घ्यावा. पास्तेल कोर्दोबेस ही भोपळ्याच्या मोरंब्याची पापुद्रेदार मिठाई दिसायला शाकाहारी असली तरी तिच्यात बहुधा डुकराची चरबी आणि कधी मांसही असते. ‘सोय बेहेतारियानो’, स्त्रीने म्हणायचे तर ‘सोय बेहेतारियाना’, हे वाक्य पाठ करून जावे; मात्र काही ठिकाणी मांस नको म्हटल्यावर मासे चालतील असे गृहीत धरतात, तेव्हा तेही स्पष्ट करावे.

दुपार: पातिओंच्या सावलीत

जेवणानंतरची वेळ पातिओंना द्यावी. घराच्या मध्यभागी आकाशाकडे उघडे असलेले हे अंगण आपल्या वाड्यातल्या चौकाच्या फार जवळचे आहे: रस्त्याकडे बंद भिंत, आत शिरताच उजेड, विहीर किंवा कारंजे, आणि त्याभोवती घरातला सगळा वावर. चुन्याच्या पांढऱ्या भिंती ऊन परतवतात, रात्रीची थंड हवा खाली साठून राहते, आणि भिंतीभर टांगलेल्या जिरॅनियमच्या कुंड्यांना घातलेले पाणी वाफ होताना गारवा देते. उंचावरच्या कुंड्यांपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून त्याने पाणी घालतात. डबा कुंडीवर अलगद कलंडतो, थेंबही भिंतीवर सांडत नाही. हे काम करताना कोणी दिसले तर थांबून पाहावे, फोटोसाठी आधी परवानगी मागावी.

पातिओंची स्पर्धा १९२१ पासून होते आणि २०१२ मध्ये या उत्सवाला युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले. मेमध्ये खासगी घरे विनामूल्य उघडी असतात. इतर महिन्यांत दोन पर्याय आहेत. आल्कासारच्या मागे सान बासिलिओ या वस्तीत काही पातिओ वर्षभर पाहता येतात. आणि उत्तरेला व्हियाना प्रासादात एकाच आवारात बारा पातिओ आहेत. तिथे फक्त पातिओंचे तिकीट घ्यावे, आतल्या दालनांचे घेतले नाही तरी चालते. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रासाद दुपारी तीनला बंद होतो, म्हणून त्या महिन्यांत क्रम उलटा करावा: सकाळी आल्कासार आणि व्हियाना, आणि दुपारी चारनंतर मेस्किता. जाड भिंती आणि दाट खांबांमुळे ती तेव्हाही तुलनेने थंड असते.

उन्हाने डोके जड झाले किंवा मळमळू लागले, तर पुढचे सर्व रद्द करून सावलीत किंवा वातानुकूलित जागी बसावे आणि मीठ-साखर घातलेले पाणी प्यावे. सोबत कोणी नसताना हे स्वतःच ओळखावे लागते, म्हणून ओआरएसची दोन पाकिटे भारतातूनच न्यावीत. घाम यायचा थांबला किंवा तरीही बरे वाटले नाही तर लगेच मदत मागावी; ११२ हा आपत्कालीन क्रमांक कोणत्याही फोनवरून विनामूल्य लागतो.

संध्याकाळ

ऊन कलल्यावर व्हियानाकडून दक्षिणेला येताना प्लासा दे ला कोर्रेदेरा हा सतराव्या शतकातला, चारही बाजूंनी कमानींचा चौक लागतो. तिथल्या खुर्च्यांवर बसून लिंबूपाणी किंवा कॉफी घेण्यात अर्धा तास सहज जातो. प्लासा दे लास तेंदिय्यास या मुख्य चौकातून गेल्यास तिथल्या घड्याळाचे टोल ऐकावेत. ते घंटेऐवजी गिटारच्या सुरांत वाजतात.

सूर्यास्ताच्या तासभर आधी रोमन पुलावर असावे. सोळा कमानींचा हा पूल अनेकदा दुरुस्त झालेला असून आज फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. मधोमध १६५१ चा संत राफाएलचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी मेणबत्त्या लावलेल्या असतात. पूल पूर्ण ओलांडून कालाओर्रा मनोऱ्यापर्यंत जावे आणि मग मागे वळावे: नदी, पाणचक्की आणि मेस्कितेची भिंत एका दृष्टिक्षेपात येते ती फक्त पलीकडून. पाण्यातल्या बेटांवर संध्याकाळी बगळे उतरतात. ज्याच्याकडे छोटी दुर्बीण आहे, त्याने ती इथे काढावी.

एकट्याने असताना

कोर्दोबाचा जुना भाग रात्री उशिरापर्यंत लोकांनी गजबजलेला असतो आणि एकट्या स्त्रीलाही तिथे वावरताना अडचण वाटू नये. मेस्कितेच्या परिसरात काही स्त्रिया रोझमेरीची डहाळी हातात देऊ करतात, मग भविष्य सांगून पैसे मागतात. डहाळी हातात घेऊच नये. ‘नो, ग्रासियास’ म्हणून न थांबता पुढे जावे. फोन टेबलाच्या कडेला ठेवून जेवू नये. आपला दिवसाचा बेत आणि गाडीची वेळ घरी किंवा हॉटेलात कळवून ठेवावी. भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असल्यामुळे रात्री परतल्याचा निरोप तिथे मध्यरात्रीनंतर पोहोचतो, हेही घरच्यांना आधी सांगावे.

परतीची वेळ

पुलापासून स्थानकापर्यंत चालत अर्ध्या तासाहून थोडे अधिक लागते. दिवसभर चाललेल्या पायांनी ते अंतर धरू नये. गाडीच्या पाऊण तास आधी टॅक्सी घ्यावी. स्थानकावर पोहोचून वेळ उरला तर पाणी आणि काही खाणे तिथेच घ्यावे, कारण माद्रिदला पोहोचेपर्यंत बरीच दुकाने बंद झालेली असतात.

शहरापासून आठ किलोमीटरवर मेदिना असाहारा या ९३६ मध्ये वसवलेल्या खलिफांच्या राजनगरीचे अवशेष आहेत आणि ते एका दिवसात बसवण्याचा मोह होतो. ते करू नये. जाण्यायेण्यासह त्याला अर्धा दिवस लागतो, तिथे सावली जवळजवळ नाही, आणि त्यासाठी मेस्कितेचा वेळ कापावा लागतो. ते पाहायचेच असेल तर एक रात्र कोर्दोबात मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस घ्यावी.